पाहुण्यांची माया

मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. दुष्काळातल्या निराधार मुलींना केडगावात आणणाऱ्या पंडिता रमाबाई १९२२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथेच राहिल्या. मिशनच्या सेवेची खरी ताकद अशा दीर्घ मुक्कामात होती.

आता परदेशातून चर्चचे गट दोन आठवड्यांसाठी अनाथालयांत येतात. हेतू निर्मळ असतो. पण स्वागतगीत, चॉकलेट, फोटो झाले की पाहुणे निघतात आणि कालपरवा गळ्यात पडलेलं पोर 'दीदी कधी येणार?' विचारत राहतं. दर मोसमाला नवी दीदी, नवी ताटातूट. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अशा अनाथालय-पर्यटनातील धोक्यांची दखल घेतली, ते योग्यच झालं.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसारही संस्था हा शेवटचा पर्याय आहे, आणि मुलाची ओळख माध्यमांत उघड करणं गुन्हा. आई किंवा वडील हयात असलेली कितीतरी मुलं केवळ गरिबीपायी बालगृहात येतात. अशा मुलांना घरीच वाढवता यावं म्हणून राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. विमानाच्या एका तिकिटात अशा घराला वर्षभर हातभार लागेल. मिशनच्या मित्रांनी तो लावावा. कोल्हापूरकरांनीही बालगृहात वाढदिवसाचा केक नेण्याऐवजी दर शनिवारी गणित शिकवायला जावं, आणि वर्षानुवर्षं जावं.