फिरायला गेलेले आजी-आजोबा

मामा-मामी अमेरिकेला 'फिरायला' गेलेत, असं खामगावात सगळे म्हणतात. कसलं फिरणं हो? सोमवार ते शुक्रवार सकाळी सातपासून नातू सांभाळायचा. मधे कुकर लावा, कपड्यांच्या घड्या घाला. लेक-जावई दमून येतात, म्हणून रात्रीच्या पोळ्याही मामीच्याच. शनिवारी मॉल, रविवारी मंदिर, तेही कोणी गाडीतून नेलं तर. ऑटो नाही, ओट्यावर बसून बोलायला शेजारीण नाही. व्हिजिटर म्हणून साधारण ६ महिने राहू देतात. ते भरले की हे परत आणि व्याह्यांची जोडी ड्यूटीवर!

यावर काही बोललं की उत्तर तयार असतं, "अरे, नातवाची सेवा करायला भाग्य लागतं."

सेवाच म्हणायची तर शेगावला जाऊन बघा ना, खामगावहून आहेच किती लांब. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी बिनपगारी राबतात, त्यात म्हातारी माणसंही असतात. पण ते पाळीने येतात. पाळी संपली की आपलं गाव, आपलं शेत. सोबतीला चार माणसं असतात आणि जो तो 'माऊली' म्हणतो. तिकडे मामीला अख्खा दिवस कोणी हाकही मारत नाही. (नातू मारतो, पण तो दीड वर्षाचा आहे.)

तिकडची भावंडं हे वाचतील, रागावतील. रागवा. पण डे-केअर महाग पडतं हे कारण मला देऊ नका. दोन पगार येतात घरात. आठवड्यातले दोन दिवस तरी पोराला तिथे ठेवा, आणि त्या दोन दिवशी पोळ्या तुम्ही लाटा.