रात्रीच्या पाहुण्याचा फोटो

दोस्तांनो, श्रावणात महादेवाला वाहतात तो धोतरा तुम्ही पाहिलाच असेल. पांढरं, भोंग्यासारखं लांब फूल. पण ते उमलताना किती जणांनी पाहिलंय? हात वर करा बघू! फार थोडे असणार. कारण हे फूल दिवेलागणीला उमलतं, आणि तेव्हा तुम्ही गृहपाठात नाहीतर ताटावर असता!

आपल्या वर्धा जिल्ह्यात धोतरा शोधायला लांब जावं लागत नाही. रस्त्याची कड, पडीक जागा, शेताचा धुरा, कुठंही तो सापडतो. गेल्या भाद्रपदात सेलूजवळच्या एका धुऱ्यावर मी फोटो काढायला बसलो होतो. फुलाचा नव्हे बरं का, फुलाकडे येणाऱ्या पाहुण्याचा!

हा पाहुणा म्हणजे हॉकमॉथ नावाचा दणकट पतंग. तो फुलावर बसत नाही. पंख भराभर हलवत फुलासमोर हवेतच थांबतो आणि गुंडाळलेली सोंड उलगडून आत घालतो. रताळ्याच्या वेलावर ज्याची अळी वाढते, त्या हॉकमॉथची सोंड १० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे त्याच्या अंगापेक्षाही लांब! धोतऱ्याचा मध असतो नळीच्या तळाशी. बाहेरून तिथवर पोचायचं तर अशीच सोंड हवी. मध पिताना परागकण पतंगाला चिकटतात आणि पुढच्या फुलाला मिळतात.

अशा जोडीवरून १८६२ साली चार्ल्स डार्विनने एक भाकीत केलं होतं. मादागास्कर बेटावरच्या एका ऑर्किडची मधनळी जवळजवळ फूटभर लांब होती. डार्विन म्हणाला, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. डार्विन वारला १८८२ मध्ये, आणि त्या पतंगाची नोंद झाली १९०३ मध्ये!

आता माझी फजिती ऐका. फोटोला उजेड हवा म्हणून मी झगझगीत बॅटरी फुलावर रोखून बसलो. पाच मिनिटांत चिलटं, तुडतुडे आणि बारके पतंग बॅटरीभोवती घिरट्या घालू लागले. एक हॉकमॉथ भर्रकन आला, आणि फुलाला तोंड न लावताच निघून गेला. शेतातले काकाजी बांधावर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "भाऊ, ती बॅटरी विझवा न! एवढ्या उजेडात पाखरू येईन कसं?"

काकाजींचं अगदी खरं होतं. हॉकमॉथचे डोळे अंधारासाठीच घडलेले असतात. आपल्याला रात्री सगळं करडं दिसतं. पण काही हॉकमॉथ नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही निळं-पिवळं ओळखतात, हे २००२ साली प्रयोगांनी दाखवून दिलं. आणि ते बारके कीटक दिव्याभोवती का फिरतात? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पुष्कळ कीटक उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून त्यांना वर-खाली कळतं. मध्येच दिवा आला, की दिव्यालाच ते आभाळ समजतात आणि गरगरत राहतात.

मग मी बॅटरीला लाल जिलेटीन कागदाचे दोन थर बांधले. लाल रंग बहुतेक पतंगांना नीट दिसत नाही. बॅटरी बाजूला जमिनीवर ठेवली आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तो आला. मी फ्लॅश एकदाच उडवला. फोटोत पंख पुसट आलेत, पण नळीत गेलेली सोंड स्पष्ट दिसते. मला तेवढंच हवं होतं!

तुम्हालाही करायचंय? मग हे लक्षात ठेवा. उजेड असतानाच आईबाबांचा मोबाइल विटेवर टेकवून फुलावर नेम धरून ठेवा. फूल तोडू नका, पतंग पकडू नका. धोतरा पानापासून बीपर्यंत विषारी आहे. त्याला हात लावू नका, आणि चुकून लागलाच तर डोळ्यांना न लावता साबणाने धुवा. पावसाळ्यात धुऱ्यावर साप असतात, म्हणून मोठं माणूस सोबत हवंच, पायात बूटही हवेत. येता-जाताना पायापुढे बॅटरीचा पांढरा उजेड ठेवा. बोरच्या जंगलाकडे तर रात्री फिरकूही नका. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे!

धोतरा मिळाला नाही तर अंगणातली गुलबक्षी किंवा पारिजातक चालेल. पारिजातकाचा सडा सकाळी सगळेच वेचतात, पण तो रात्री फुलतो तेव्हा त्याच्यापाशी कोण येतं?

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. अंगणातला दिवा गरज नसताना जळत असेल, तर आठवडाभर तासभर तरी विझवून बघा. मुलांनो, वहीत दोन रकाने आखा, "दिवा चालू" आणि "दिवा बंद". फुलाजवळ किती पतंग आले ते रोज लिहा. बघू या, तुमच्या अंगणातले पाहुणे काय सांगतात ते!