मेलेला उंदीर उचलला का?

सामूहिक उंदीर नियंत्रण मोहिमेच्या अहवालात किती बिळे बुजविली, किती आमिष वापरले आणि किती बिळे पुन्हा उघडी आढळली, हे तपशील असतात. मेलेले उंदीर किती उचलले व त्यांची विल्हेवाट कशी लावली, हा रकाना मात्र बहुधा नसतो. तो असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे एक कारण उंदराच्या यकृतात दडलेले आहे.

शवविच्छेदनात काही उंदीर-घुशींच्या यकृतावर पिवळसर पांढरे ठिपके व रेषा दिसतात. हे बहुधा कॅपिलेरिया हेपॅटिका या कृमीचे काम असते. गुरांच्या यकृतातील चपट्या कृमीशी याची गल्लत करू नये. हा दोऱ्यासारखा बारीक गोलकृमी आहे. सस्तन प्राण्यांच्या शंभराहून अधिक जातींत तो आढळला असला, तरी त्याचे मुख्य यजमान उंदीरवर्गीय प्राणीच होत.

या कृमीचे जीवनचक्र विलक्षण आहे. बहुतेक आंत्रकृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. याची अंडी यकृतातच अडकून राहतात. उंदीर जिवंत असेपर्यंत त्यांना बाहेरचा मार्ग नसतो. तो मरून कुजला, किंवा मांजर, कुत्रा, कोल्हा यांनी त्याला खाल्ले, तरच ती सुटतात. खाणाऱ्याच्या आतड्यातून ती न पचता विष्ठेवाटे अंगणात, शेतात, गोठ्याजवळ पडतात. ऊब, ओलावा आणि हवा मिळाली, की साधारण चार ते सहा आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात. दूषित माती अन्नपाण्यातून पोटात गेली, की अळ्या आतड्यातून यकृत गाठतात.

थोडक्यात, या कृमीच्या दृष्टीने उंदराचा मृत्यू हा शेवट नसून आरंभ आहे. मारलेला उंदीर बांधावर तसाच सोडणे म्हणजे अडकलेल्या अंड्यांना आपण होऊन वाट करून देणे होय.

हा आजार माणसात दुर्मीळ आहे, मग एवढी चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तो दुर्मीळ आहे हे खरेच. परंतु वैद्यकीय वाङ्मयात १९२४ मध्ये नोंदलेला पहिला मानवी रुग्ण भारतात नेमणुकीस असलेला ब्रिटिश सैनिक होता, हे विसरता येत नाही. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका अधिक असतो. दीर्घकाळ ताप, वाढलेले यकृत आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढ ही त्याची लक्षणे. अंडी यकृतातच राहत असल्याने शौचतपासणीत हा आजार सापडत नाही; निदानासाठी यकृताचा तुकडा तपासावा लागतो. उलट, बाधित प्राण्याचे यकृत खाण्यात आले तर अपक्व अंडी रोग न करता शौचातून निघून जातात. तो खरा संसर्ग नव्हे. म्हणजे जिथे आजार आहे तिथे शौचात अंडी नाहीत, आणि जिथे अंडी दिसतात तिथे आजार असेलच असे नाही. अशा रोगाची दुर्मीळता गृहीत धरताना थोडी सावधगिरी बाळगलेली बरी.

मग हाच कृमी उंदरांविरुद्ध जैविक अस्त्र म्हणून का वापरू नये? जैविक कीडनियंत्रणात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न सहज सुचतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी धान्याच्या शेतांत १९९० च्या दशकात तसे प्रयोग केलेही. प्रयोगशाळेतील परिणाम आशादायक होते. शेतात मात्र उंदरांची संख्या रोखता आली नाही. सारांश, उंदरांचा बंदोबस्त आपल्यालाच करायचा आहे, आणि तो पूर्ण करायचा आहे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. झिंक फॉस्फाईडचे आमिष संध्याकाळी ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटेच शेत फिरून पाहावे. ब्रोमॅडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतात, म्हणून फेरी आठ-दहा दिवस चालू ठेवावी. मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलता हातमोजे वा चिमटा वापरावा. तो जाळावा, किंवा विहीर व वस्तीपासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल पुरावा. बिळातच मेलेल्यांसाठी बिळे मातीने घट्ट बुजवावीत. मांजर-कुत्र्यांना मेलेले उंदीर खाऊ देऊ नयेत. यामुळे विषबाधेपासून तीही वाचतात आणि शेताचे मित्र असलेली घुबडेही वाचतात. उंदराचे अंग थंड पडताच नवा यजमान शोधणाऱ्या पिसवांचा उपद्रवही त्यामुळे कमी होतो.

विस्तार कार्यकर्त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या मोहिमेच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘उचललेले व पुरलेले उंदीर’. ज्याची नोंद ठेवली जाते, ते काम सहसा टाळले जात नाही.