मेंदूतील मोडतोड आणि डागडुजी

म्हातारपणी विसर पडायचाच, ही समजूत आपल्याकडे अजून रूढ आहे. अल्झायमरच्या विकाराबाबत ती केवळ चुकीचीच नव्हे, तर घातकही आहे.

१९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत स्त्री-रुग्णाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मज्जापेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्यांना आढळला. पुंजके ‘बीटा-ॲमिलॉइड’चे आणि गुंता ‘टाऊ’ या विकृत झालेल्या प्रथिनाचा, हा उलगडा होण्यास मात्र १९८०चे दशक उजाडावे लागले.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट उजेडात आली. तिची चर्चा फारशी झाली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कार्ल कॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असे दाखवून दिले की, रुग्णांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित भागातील पेशी मेल्या असता शेजारच्या शाबूत पेशींचे तंतू नव्याने फुटून रिकाम्या जागी पसरतात. म्हणजे रोगाने पोखरलेला मेंदूही स्वतःची डागडुजी करू पाहतो. दुर्दैव असे की, यांतील काही अंकुर त्या पुंजक्यांतच शिरून वेडेवाकडे वाढतात.

आजची नवी औषधे या पुंजक्यांवर रोखलेली आहेत. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या ‘लेकॅनेमॅब’ने अठरा महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. हे यश लहान नाही; परंतु गेलेली स्मृती त्याने परत येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा घसारा कमी करण्याचा उपाय झाला. नवे भांडवल त्यातून उभे राहत नाही. त्यासाठी मज्जातंतूंच्या पुनर्वाढीला योग्य वळण देणारे संशोधन हवे आणि त्यावर पैसाही खर्च व्हायला हवा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे; त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर हेच मानले जाते. डागडुजीला निदान एखादी भिंत शाबूत असावी लागते. म्हणूनच लवकर निदानाची सोय जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचणे निकडीचे आहे. ‘वय झाले’ म्हणून गप्प बसणारे घर आणि शासन, दोघेही ती भिंत पडण्याची वाट पाहत असतात.