बाराशेपैकी दहा

मुळशी तालुका म्हटला की एकेकाळी भात, धरण आणि धो धो पाऊस एवढेच डोळ्यांसमोर येई. आता हिंजवडीची आयटी नगरीही याच तालुक्यात मोडते, आणि पौड-पिरंगुटच्या ओसरीवरही कॅनडाच्या गोष्टी निघतात. निवृत्त मास्तराकडे माणसे कागद घेऊन येतातच. पूर्वी दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करायचे अर्ज असत, हल्ली विद्यापीठाच्या ट्रान्सस्क्रिप्टचे असतात. हे कागद वाचता वाचता एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती आज लिहितो.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे कॅनडा सरकारने नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. बाहेर शिकलेल्या कुशल कामगारांना ही अट मे २०१३ पासून लागू झाली. आपल्याकडची बरीच मंडळी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस या संस्थेकडे जातात. गुणपत्रकांची नोंद विद्यापीठाने परस्पर पाठवायची असते, आपण झेरॉक्स काढून पाठवलेली चालत नाही. हा अहवाल पाच वर्षे ग्राह्य धरतात.

जानेवारी २०१५ मध्ये एक्स्प्रेस एंट्री सुरू झाली. तिच्यात वय, भाषा, अनुभव आणि शिक्षण मिळून १२०० पैकी गुण देतात. एकट्याने अर्ज केला तर शिक्षणाचे जास्तीत जास्त गुण १५०. जोडीदार बरोबर असेल तर मुख्य अर्जदाराचे १४० आणि जोडीदाराचे १०. साध्या पदवीचे आठ, आणि पीएच.डी. केलेली असली तरी दहाच.

मी पाहिलेल्या फायलींमध्ये हा दहा गुणांचा जोडीदार जवळजवळ नेहमी बायकोच असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.एस्सी., बी.एड. आहे, गणित उत्तम शिकवायची. तिच्या कागदांबद्दल विचारले तर म्हणाली, "सर, फाइल यांची आहे. माझं नुसतं जोडायचंय." तिच्या गुणपत्रकावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. पदवीवर पुणे विद्यापीठ लिहिलेले, तर २०१४ पासून विद्यापीठ झाले सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे. नावांचा हा मेळ घालताना घरातले कंटाळले आणि म्हणाले, आठ-नऊ गुणांसाठी एवढी यातायात कशाला? तिचे मूल्यांकन राहिलेच. आज ती तिकडे एका पाळणाघरात मदतनीस आहे. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण ती गणिताची शिक्षिका होती हे तिकडे कुणाला माहीतही नाही.

इथे आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आड येतो. पदवी 'मान्य' झाली म्हणजे सगळे झाले, असे त्यांना वाटते. वास्तविक या मान्यता दोन आहेत. पहिली देशात शिरायची, ती गुण मिळवून देते. दुसरी तो पेशा करायची, आणि ती वेगळ्याच दारात मागावी लागते. ओंटारिओत सरकारी शाळेत शिकवायचे तर ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्सचे प्रमाणपत्र लागते. नाव कॉलेज असले तरी ती शिकवणारी संस्था नव्हे, शिक्षकांना परवाना देणारी आहे. परिचारिकांची तपासणी निराळी, डॉक्टरांची त्याहून निराळी, आणि प्रत्येक प्रांताचे नियम आपापले.

यात कॅनडावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परदेशात डॉक्टर होऊन आलेल्या आपल्याच मुलांना आपणही २००२ पासून चाळणी परीक्षेला बसवतो. आपल्या मुलांना कोण शिकवते, आजाऱ्याला कोण तपासते, हे पाहण्याचा हक्क प्रत्येक समाजाला आहे. माझी तक्रार आपल्या घरांशी आहे. तिकडच्या सरकारने बायकोच्या पदवीला दहा गुण ठेवले ते त्यांच्या हिशेबासाठी. आपण मात्र तोच आकडा तिच्या शिक्षणाची किंमत समजून बसतो.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझे सांगणे असते. मुख्य अर्जदार कोण, हे तुम्हीच ठरवायचे असते. तेव्हा दोघांचे गुण मांडून पाहा, नवऱ्याचेच नाव वर असले पाहिजे असा कुठे नियम नाही. दोघांच्याही पदव्यांचे मूल्यांकन करून घ्या. ज्या प्रांतात जाणार तिथे तिच्या पेशाचा परवाना कोण देते, त्याला कोणते कागद लागतात, हे निघण्याआधी विचारा. कॉलेज, विद्यापीठ, जुनी शाळा इथे आहेत तोवर सही-शिक्का मिळवणे सोपे. तिकडून, बर्फातून, दहा वर्षांपूर्वीच्या मुख्याध्यापकांचा पत्ता शोधणे फार कठीण.

आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुली पहिल्या एसटीने, भिजत, पुण्याला कॉलेजात गेल्या. कुणाच्या आईने त्यासाठी दागिना मोडला, कुणी लग्न दोन वर्षे लांबवले. त्या पदवीचे काय करायचे, हे निदान त्या मुलीला विचारून ठरवावे, इतकेच माझे म्हणणे. तुमच्या घरात अशी फाइल तयार होत असेल, तर आज संध्याकाळीच तिला विचारा.