पावती कुणाच्या नावाची?

चाळीच्या खोलीत कोण राहतं हे विचारण्याआधी भाडेपावती कुणाच्या नावावर आहे हे विचारलं जातं, याचा या आठवड्यात मला फार संताप आला.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एक बाई भेटल्या. खोली सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, मग नवरा गेला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं यांनीच केलं. आता खोली नावावर करायची, तर मृत्यूचे दाखले हवेत, रेशन कार्ड हवं, वारसांची यादी हवी आणि त्यातल्या प्रत्येकाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र हवं. एक दीर विरारला, दुसरे संगमेश्वरला, नणंद सुरतेला. कुणी नाही म्हणत नाही. पण सही करायला कुणी येतही नाही.

मुंबई विकास विभागाने (बीडीडी) १९२० च्या दशकात कामगारांसाठी या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. म्हाडाच्या पुनर्विकासात त्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मोफत मिळतं. वरळीत पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये दिला गेला, आणि तो दिवस मलाही आनंदाचा वाटला.

पण खोली भाड्याची होती तोवर सहीला किंमत नव्हती. आता मालकीचं घर समोर दिसतंय, तेव्हा विरारच्या दिरांनाही बालपण आठवू लागलं आहे. त्यांना दोष द्यायचा नाही मला. वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या माणसाला दूरच्या वारसाच्या मर्जीवर सोडणारा नियम मला चुकीचा वाटतो. खाजगी चाळींना लागू असलेल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी. तसं कुणी नसेल तरच इतर वारस. हेच तत्त्व सरकारने बीडीडीतल्या स्वतःच्या खोल्यांना लावायला काय हरकत आहे? झोपडपट्टी पुनर्वसनात नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने घर देण्याची तरतूद आहे. चाळीतल्या बाईची पावती मात्र सासरा, नवरा, मुलगा अशीच फिरत राहते.

आणि गिरणगावच्या बायकांबाबत हे व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार जेवायचे कुठे? अशाच खोल्यांमध्ये, बायकांच्या खाणावळीत. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे भरायचे, वाण्याची उधारी फेडायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. सावकाराच्या जाचातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, तरी कित्येक जणींनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. त्यातले बरेच पैसे परत आलेच नाहीत. संपाच्या इतिहासात संपाचे नेते दत्ता सामंत यांच्याबद्दल पानंच्या पानं सापडतात, पण या बायकांच्या उधारीच्या वह्या कुणी जपून ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्या खोलीत हा सगळा स्वयंपाक झाला, तिच्या पावतीवर नाव होतं ते पुरुषाचं.

म्हणून माझी मागणी अशी. खोलीत राहणाऱ्याचा हक्क आधी धरा. दूरच्या वारसांना हरकत नोंदवायला ठरावीक मुदत द्या आणि ती उलटली की सहीवाचून प्रकरण पुढे न्या. नव्या घराच्या कागदावर बायकोचं नाव पहिल्या दिवसापासून घाला. आणि पडून असलेली हस्तांतरं त्या-त्या इमारतीतल्या घरवाटपाची सोडत निघण्याआधी निकालात काढा.