पेशीच्या दारातला वाटाड्या

आमच्या शाळेत पाचवीला एक मुलगा आहे. जिना चढताना त्याला गुडघ्यावर हात टेकावा लागतो. डॉक्टरांनी ड्यूशेन हा स्नायूंचा आजार सांगितला आहे. परवा त्याचे अब्बा मोबाइल घेऊन आले. "मॅडम, याच्या अंगात जे प्रोटीन बनत नाही, त्याचीच पावडर मिळते म्हणे. मागवू का?" किंमत पाहून माझाच जीव दडपला.

"नको" म्हणणे सोपे होते. पण का नको, हे त्यांना कळायला हवे होते.

ते प्रोटीन म्हणजे डिस्ट्रॉफिन, 3,685 अमायनो आम्लांची लांबलचक साखळी. तोंडाने घेतले तर डाळीतल्या प्रथिनांसारखे पोटातच पचून जाईल. सुईने रक्तात सोडले तरी त्याचे काम स्नायूच्या पेशीच्या आत, आणि पेशीचे आवरण एवढ्या मोठ्या रेणूला आत घेत नाही. मग इन्सुलिन कसे चालते? त्याला आत जावेच लागत नाही. पेशीच्या बाहेरच्या बाजूला चिकटूनच ते आपला निरोप देते.

या बंद दाराला वाट असू शकते, हे 1988 मध्ये दिसले, आणि तेही एड्सच्या विषाणूमुळे! त्याचे टॅट नावाचे प्रोटीन आपोआप पेशीत शिरते, असे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आढळले. पुढे कळले की त्यातला अकराएक अमायनो आम्लांचा तुकडाच ही वाट काढतो. असा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. त्यावर धन भार, पेशीच्या पृष्ठभागावर ऋण भार, म्हणून तो तिथे चिकटतो. 1999 मध्ये हाच तुकडा जोडून एक मोठे प्रोटीन उंदरांना टोचले, तर ते मेंदूपर्यंत पोहोचले.

मग अडले कुठे? पेशी बहुतेक वेळा हा पाहुणा एका पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतून सुटला तर काम होते. बहुतेक माल आतच अडकून नष्ट होतो.

ड्यूशेनसाठी अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झालेले एक औषध डिस्ट्रॉफिन देत नाही. पेशीला जनुकातल्या बिघडलेल्या भागाशेजारचा मजकूर गाळून पुढे वाचायला लावते, म्हणजे आखूड का होईना, प्रोटीन बनते. पण तेही स्नायूत फार थोडे शिरते. म्हणून त्याला पेप्टाइड जोडून पाहिले. जास्त शिरले, पण रुग्णांच्या रक्तातले मॅग्नेशियम घटू लागले. शिवाय असे औषध जनुकात ठरावीक बिघाड असलेल्या मुलांनाच लागू पडते.

अब्बा गप्प बसले होते. मग म्हणाले, "आमच्या पोराचा बिघाड कुठला?"

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन आले. रक्ताची तपासणी होती, स्नायूच्या तुकड्याची होती. जनुकाची झालेलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यासाठी ते मुलाला घेऊन पुण्याला निघाले आहेत, पावडरसाठी ठेवलेल्या पैशातून.